उजेड कोरणारे कारागीर

१८५७ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने ब्रिटिश म्युझियमच्या नव्या वाचनकक्षाचं चित्र छापलं. १४० फूट व्यासाचा घुमट, १०६ फूट उंची आणि वरून खाली मेजांपर्यंत उतरणारा उजेड. त्या उजेडावर भिंग धरून बघा. तिथे काहीच नाही, नुसता कोरा कागद आहे!

त्या काळी साप्ताहिकांतली चित्रं बॉक्सवुडच्या ठशावरून छापत. लाकडाचा आडवा छेद घ्यायचा आणि टोकदार पोलादी हत्याराने, जिथे प्रकाश हवा तिथलं लाकूड काढून टाकायचं. उरलेल्या भागालाच शाई लागते. म्हणजे कारागीर काळोख राखत राखत उजेड कोरतो. या झाडाचं खोड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी लहान लहान तुकडे सांधावे लागत. पुढे तर घाईच्या कामात हे तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटू लागले. एकाकडे छत, दुसऱ्याकडे माणसांच्या पाठी!

खोलीही तितकीच अजब. मध्यभागी ग्रंथपालांचं गोल मेज, भोवती सूचींचे खण आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या सर्व दिशांना गेलेल्या वाचकांच्या रांगा. प्रत्येक जागेला पुस्तक टेकवायची उघडमीट फळी, दौत, टाक ठेवायची सोय. आगीच्या धास्तीने गॅसचे दिवे नव्हते. दाट धुकं पडलं की वाचन बंद. विजेचा उजेड आला तो १८७९ मध्ये.

या सगळ्यामागे अँटोनियो पानिझ्झी हा इटलीतून परागंदा झालेला ग्रंथपाल होता. गरीब विद्यार्थ्यालाही श्रीमंताइतकीच ज्ञानाची साधनं मिळायला हवीत, असं त्याने १८३६ मध्येच संसदेच्या समितीपुढे ठासून सांगितलं होतं. प्रवेशाला शिफारस लागे, पैसे लागत नसत. मला तरी त्या घुमटापेक्षा हा माणूस मोठा वाटतो.

१९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, ते याच कक्षात वाचायला बसत. साठवलेले पैसे तुटपुंजे. काही मदत शाहू महाराजांची, काही कर्ज नवल भथेना या मित्राचं. दिवसच्या दिवस ग्रंथालयांत घालवून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला.

इथे, आपल्या सावित्रीकाठच्या महाडात, त्याच माणसाला सार्वजनिक तळ्याचं पाणी वर्ज्य होतं. नगरपालिकेने ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं, पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायलं. मग सवर्णांनी दावा लावला: तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी पूर्वापार आहे.

रूढी पूर्वापार आहे म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायची असते. दहा वर्षं खटला चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अशी अनादि रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. तळं सर्वांचं ठरलं.