पायाशी बसलेली साथसंगत

पुण्याच्या कोरेगाव पार्कात किंवा उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर शुक्रवारी रात्री एखाद्या रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात एकटाच गिटारवाला गाताना दिसतो. कडवं साधंच चालू असतं. ध्रुवपद आलं की मागून आणखी दोन गळे सूर धरतात, कडव्याला ते पुन्हा गप्प होतात. दुसऱ्या अंतऱ्यानंतर गिटारची सुरावट आपोआप चालू राहते आणि हा त्यावर वेगळीच धून वाजवू लागतो. टेबलावरची माणसं त्याच्या बोटांकडे बघत असतात. सगळा कारभार मात्र त्याच्या बुटाच्या टोकाशी, जेमतेम पाठ्यपुस्तकाएवढ्या एका पेटीत चाललेला असतो.

गळा आणि अ‍ॅकूस्टिक गिटार दोघांनाही एकत्र सांभाळणाऱ्या या पेडलला बाजारात ठरावीक असं एक नाव नाही. कुणी 'व्होकल प्रोसेसर' म्हणतं, कुणी 'अ‍ॅकूस्टिक मल्टी', बरेचजण कंपनीच्या नावानेच ओळखतात. घ्यायची वेळ आली की आत किती इफेक्ट आहेत, याची यादी आधी वाचली जाते. ती यादी सगळ्यात शेवटी वाचावी. पेटीत आवाज कसा शिरतो, गाणं चालू असताना पाय तिथे काय करू शकतो आणि आवाज बाहेर कसा पडतो, या तीन गोष्टी पाहिल्या की निवड बहुतेक उरकलेली असते.

दोन वाटा एका पेटीत

ही पेटी दोन वेगळ्या घराण्यांच्या सोयरिकीतून आली. एक घराणं गिटारचं. जपानच्या बॉस कंपनीने आज जगभर पोचलेले छोटे रंगीत पेडल काढले, पण बॉस या नावाने निघालेली पहिली वस्तू म्हणजे १९७० च्या दशकात आलेलं, अ‍ॅकूस्टिक गिटारला लावायचं पिकअप आणि त्याचा प्रीअ‍ॅम्प. याच कंपनीच्या आरसी-२० या लूप स्टेशनने २००१ मध्ये पायाने ध्वनिमुद्रण करून तेच परत परत वाजवण्याची सोय सामान्य कलाकाराच्या आवाक्यात आणली.

दुसरं घराणं गळ्याचं. अमेरिकेतल्या इव्हेन्टाइडचं एच-९१० हे यंत्र १९७५ मध्ये स्टुडिओत आलं आणि सुराची पट्टी विजेने वरखाली करता येऊ लागली. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या आयव्हीएल या कंपनीचं तंत्र घेऊन डिजिटेकने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'व्होकॅलिस्ट' काढलं, ते गायकाच्याच आवाजातून दुसरा सूर तयार करत असे. तेलाच्या शोधासाठी भूगर्भातल्या लहरींचा अभ्यास केलेल्या अँडी हिल्डेब्रँड यांनी १९९७ मध्ये सूर दुरुस्त करणारं 'ऑटो-ट्यून' आणलं. त्यानंतर २००० मध्ये आयव्हीएलची माणसं आणि डेन्मार्कची टीसी इलेक्ट्रॉनिक यांनी मिळून टीसी-हेलिकॉन उभी केली. तिच्या 'प्ले अ‍ॅकूस्टिक'सारख्या पेट्यांत आणि २०१६ च्या बॉस व्हीई-८ मध्ये ही दोन्ही घराणी एका छपराखाली नांदायला लागली.

प्रेक्षकांना पायाने लूप बांधण्याच्या प्रकाराची चव लागली ती टीव्हीवर. २००४ मध्ये बीबीसीवरच्या जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात ऐनवेळी बदली म्हणून आलेली स्कॉटिश गायिका केटी टन्स्टल अकाईच्या एका लूप पेडलवर स्वतःचाच ठेका-कोरस बांधत गेली आणि रातोरात नावारूपाला आली. पुढे एड शीरनने तेच तंत्र स्टेडियममध्ये नेलं. २०२४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर त्याला ऐकून घरी परतलेल्या किती पोरांनी दुसऱ्या दिवशी लूपरच्या किमती शोधल्या असतील, ते दुकानदारांना विचारावं.

आवाज आत शिरताना

माइक आणि गिटार यांचा स्वभाव विजेच्या भाषेत अगदी विरुद्ध आहे. माइकमधून काही मिलिव्होल्टचा क्षीण सिग्नल येतो. तो तीन पिनांच्या एक्सएलआर तारेतून आणावा लागतो आणि खरखर न करता वाढवावा लागतो. गिटारच्या बाबतीत, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली बहुधा पायझो पट्टी असते. तिला फार मोठा रोध असलेला इनपुट लागतो, निदान दहा लाख ओहमचा. तो मिळाला नाही तर खर्ज निघून जातो आणि उरतो तो पत्र्यावर नखं वाजवल्यासारखा आवाज. गिटारमध्ये स्वतःचा बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प असेल तर हा त्रास कमी. नसेल, तर पेटीच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधायलाच हवा.

पायझोचं आणखी एक दुखणं म्हणजे त्याला लाकूड ऐकू येत नाही, फक्त तारेचा दाब कळतो. म्हणून चांगल्या पेट्यांत 'रेझोनन्स' किंवा 'बॉडी' अशी एक कळ असते. गिटारच्या पोकळ अंगातून निघणारा भरीवपणा ती हिशेबाने परत मिसळते. रोजच्या वापरात सगळ्यात जास्त कामाला येते ती हीच कळ, आणि जाहिरातीत तिला सगळ्यात कमी जागा मिळते.

मग फीडबॅक. मोठ्या अंगाच्या ड्रेडनॉट गिटारच्या पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या-चौथ्या पडद्याजवळ. स्पीकर जवळ असला की नेमका तोच सूर हंबरू लागतो. त्यासाठी पेटीत 'नॉच' हवं, जे तेवढीच कंप्रता कापून टाकतं. गिटारच्या भोकावर बसवायची रबरी चकती त्याच कामासाठी अगदी स्वस्तात मिळते, तीही सोबत असावी. माइक कंडेन्सर असेल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागेल, पण रेस्टॉरंटच्या गोंगाटात शूअर एसएम-५८ सारखा साधा डायनॅमिक माइकच बरा. त्यात शेजारच्या गिटारचा आवाज कमी शिरतो, आणि याचं महत्त्व पुढे कळतं.

मध्ये पाय, आणि यमन

हार्मनीचं यंत्र दोन कामं करतं. गळ्याचा सूर कोणता ते मोजतं आणि गिटारवर कोणता कॉर्ड चालू आहे ते ओळखतं. मग त्या पट्टीत बसेल असा वरचा किंवा खालचा सूर तुमच्याच आवाजातून घडवतं. माइकमध्ये गिटार फार शिरली, किंवा कॉर्डऐवजी नुसता ठोका वाजवला, की यंत्र गोंधळतं आणि भलताच सूर लावून मोकळं होतं. म्हणून दुकानात कॉर्ड छेडून हार्मनी तपासणं पुरेसं नाही. आपण रोज जसं वाजवतो, चुटक्या-थापांसह, तसंच वाजवून बघावं.

मराठी गायकाची खरी अडचण पट्टीची. यातल्या बहुतेक पेट्या मेजर आणि मायनर एवढंच जाणतात. यमनच्या अंगाचं भावगीत घेतलं, सा 'सी' धरला आणि पेटीला प्रामाणिकपणे 'सी मेजर' सांगितलं, की रिषभावर तुम्ही थांबाल तेव्हा तिसरा सूर म्हणून ती शुद्ध मध्यम लावणार. सगळ्या रंगाचा बेरंग.

यावर उपाय असा की यंत्राला आपला सा सांगायचाच नाही. 'सी'च्या यमनला लागणारे सात स्वर 'जी मेजर'चेच सात स्वर असतात. म्हणून पेटीला आपला पंचम सांगायचा. त्याच हिशेबाने खमाजाला मध्यम, काफीला कोमल निषाद, आसावरीला कोमल गांधार आणि भैरवीला कोमल धैवत मेजर म्हणून द्यायचा. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी, बिलावल धरून, सहा थाट असे यंत्राच्या गळी उतरतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी उतरत नाहीत, तिथे हार्मनीचं बटण बंद ठेवावं. गिटार ऐकून पट्टी ठरवणारी पेटी असेल तर तिला इशारा कॉर्डनेच द्यावा. यमनमध्ये रिषभावरचा मेजर कॉर्ड वाजला की तीव्र मध्यम तिच्या कानावर पडतो. पट्टी हाताने ठरवायची आणि गिटारवर सोडायची, अशा दोन्ही सोयी ज्या पेटीत आहेत ती आपल्याकडच्या गाण्याला जास्त उपयोगी.

सूर दुरुस्त करणाऱ्या कळीबद्दल थोडक्यात सांगायचं तर ती शून्यावर ठेवा. मींड आणि आंदोलन म्हणजे यंत्राच्या दृष्टीने चूक. ते प्रत्येक घसरणीला पायऱ्या पाडतं. इंग्रजी पॉप गाताना मुद्दाम तो परिणाम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

लूपर आपल्या तालांना त्यामानाने सोयीचा. साध्या लूपरला मात्रा कळतच नाहीत, तो फक्त काळाचा एक तुकडा धरतो. त्यामुळे केरवा असो, दादरा असो की सात मात्रांचा रूपक, त्याला सारखंच. एकच अट, पाय समेवर पडला पाहिजे. आवर्तन सुरू करताना आणि बंद करतानाही. अर्धा क्षण उशीर झाला की प्रत्येक आवर्तनाला लंगडेपणा येतो आणि सुधारायला परत पहिल्यापासून. काही पेट्यांतला लूपर चार मात्रांच्या चौकटीत तुकडा आपोआप बसवतो, ती सोय बंद करता येते का, हे विचारून घ्यावं. शिवाय लूपमध्ये फक्त गिटार मुद्रित करता येते की गळाही त्यात येतोच, हा प्रश्न विसरू नये. गळा अडकला की पुढच्या कडव्याखाली मागच्याचे शब्द वाजत राहतात.

आणि पाय. गाताना वाकता येत नाही, स्क्रीन वाचता येत नाही. हार्मनी, लूप आणि गिटारचा इफेक्ट यांना तीन स्वतंत्र बटणं असतील आणि बाकीचं गोल कळांवर दिसेल, तर ती पेटी अंधाऱ्या मंचावर चालवता येते. मेनूत शिरून तिसऱ्या पानावर हार्मनी बंद करायची असेल, तर कागदावर ती कितीही सरस असो, दोन कार्यक्रमांत कंटाळा येतो. चपला घालून गाणाऱ्याने दोन बटणांतलं अंतरही बघावं.

बाहेर पडताना

छोट्या कॅफेत एक स्पीकर असतो, तिथे सगळं एकत्र गेलं तरी चालतं. पण गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा कॉलेजच्या हॉलमध्ये साउंडवाला असतो आणि त्याला गळा आणि गिटार वेगवेगळ्या तारांवर हवे असतात. एकत्र दिले तर गिटार कमी कर म्हटल्यावर तो गळाही कमी करेल. म्हणून दोन एक्सएलआर आउटपुट आणि त्यांवर दोन आवाज वेगळे पाठवण्याची सोय, ही चैन समजू नये. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात पन्नास हर्ट्झचा गुंजारव तारांमधून शिरतो, त्यासाठी 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असलेलं बरं. व्हीई-८ सहा पेन्सिल सेलवरही चालते, आणि वीज गेलेल्या गावात गाणाऱ्याला ही गोष्ट इफेक्टांच्या यादीपेक्षा मोलाची वाटेल. अ‍ॅडॉप्टर हरवला तर व्होल्ट, मिलिअँपिअर आणि पिनेची धन-ऋण दिशा तिन्ही जुळवूनच दुसरा घ्यावा. नुसता पिन बसतो म्हणून लावलेला अ‍ॅडॉप्टर पेटी जाळू शकतो.

हेही सांगायला हवं की ही पेटी सगळ्यांना लागत नाही. ज्याला हार्मनी नको, लूप नको, फक्त थोडा रिव्हर्ब हवा, त्याला दोन चॅनेलचा अ‍ॅकूस्टिक अ‍ॅम्प पुरतो, पायाशी काही ठेवावं लागत नाही. जो आधीच गिटारसाठी चांगला प्रीअ‍ॅम्प वापरतो त्याने फक्त गळ्याचं पेडल घ्यावं. सगळं एकात असण्याचा फायदा एकच तार, एकच पिशवी. तोटा असा की ती एक पेटी बिघडली की गळा आणि गिटार दोन्ही गेले.

मुंबईत धोबी तलावाला १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहे, पुण्यात आणि पणजीतही वाद्यांची दुकानं आहेत, तिथे जाऊन स्वतःची गिटार आणि स्वतःचा माइक लावून बघावं. दुकानातल्या महागड्या गिटारवर प्रत्येक पेटी गोड वाजते. आधी सगळे इफेक्ट बंद करा आणि निव्वळ कोरडा आवाज ऐका. गळा जवळ वाटतो का, गिटारला अंग आहे का? मग रिव्हर्ब, मग हार्मनी, एकेक करून. हार्मनी वर्षभरात तीन-चार गाण्यांपुरतीच उरते, लूप त्याहून कमी. कोरडा आवाज मात्र प्रत्येक गाण्याला, पहिल्या शब्दापासून लागतो. तो ज्या पेटीत चांगला आला तिच्यावर पैसे घालावेत.