खर्जाला जवारी : बेस गिटार आणि स्वस्त ओव्हरड्राइव्ह

गिटारसाठी बनवलेलं स्वस्त ओव्हरड्राइव्ह पेडल बेसला लावू नकोस, खालचा भरणा निघून जातो, असा सल्ला नवख्या बेसवादकाला हमखास मिळतो. तक्रार खरी आहे, पण तिचं खापर पेडलच्या किमतीवर फुटतं, ते मात्र चुकीचं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सुसुमु तामुरा यांनी आखलेल्या आणि आयबानेझच्या नावाने विकल्या गेलेल्या ट्यूब स्क्रीमरचं उदाहरण घेऊ. कितीतरी स्वस्त पेडलं याच सर्किटच्या नकला आहेत. त्यातला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून असं ठरवतात की साधारण ७२० हर्ट्झच्या खाली आवाज कमी कमी वाढवला जाईल. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, बेसची ४१ हर्ट्झवर. गिटारवर अनेक तारा एकदम छेडल्या आणि खालच्या स्वरांनाही तेवढंच फाडलं, तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नको ते स्वर उमटून गिचमिड होते. ती टाळण्यासाठी ही योजना आहे. महागड्या मूळ पेडलमध्येही ती तशीच असते, म्हणजे इथे किमतीचा संबंध नाही.

मात्र याच सर्किटमध्ये बेसवादकाच्या सोयीची एक गोष्ट दडलेली आहे. आत आलेला मूळ आवाज त्यात पुसला जात नाही. डायोडांनी कापलेला आवाज त्याच्यावर चढवला जातो. ड्राइव्हची कळ शून्यावर असताना वरच्या पट्टीतला आवाज सुमारे १२ पट वाढतो, तर ४१ हर्ट्झचा जेमतेम सव्वापट. म्हणजे खर्ज जागच्या जागीच असतो. मधला भाग फुगल्यामुळे तो बारीक वाटतो. ड्राइव्ह पूर्ण उघडला की वरची वाढ ११८ पटींच्या घरात जाते आणि डायोड जवळजवळ सतत कापत राहतात. म्हणून बेससाठी ड्राइव्ह अगदी कमी ठेवावा, टोन आवरता घ्यावा आणि पेडल चालू-बंद करत सर्वांत जाड तार सारख्याच वजनाने ऐकू येईल अशा बेताने लेव्हल लावावी. मधल्या तारांवर लेव्हल जुळवली, तर खर्ज हरवल्याचा भास होणारच.

एवढी खटपट करायची कशासाठी? मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. पण त्याच स्वराचे ८२, १२३, १६५ हर्ट्झचे उपस्वर पुरेसे ठळक असले की कान पायाचा स्वर आपणच भरून काढतो. ओव्हरड्राइव्ह नेमके हे उपस्वर वाढवतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेला जवारी असते, तीही उपस्वर उजळण्यासाठीच. घोडीचा उतार आणि डायोड यांची यंत्रणा वेगळी, पण कानाची गरज एकच. बेसवर बहुधा एका वेळी एकच स्वर वाजतो, त्यामुळे गिचमिडीची भीतीही गिटारपेक्षा कमी. इतिहासही हेच सांगतो. १९६१च्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’मध्ये ग्रेडी मार्टिन यांचा सहा तारांचा बेस मिक्सरच्या बिघडलेल्या चॅनलमधून फाटून उमटला, आणि त्याच आवाजाच्या ओढीतून पुढे माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल आलं. १९६५मध्ये बीटल्सच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी साध्या बेसच्या जोडीला फझचा बेस वाजवला. पाया एकाने सांभाळायचा आणि धार दुसऱ्याने द्यायची, हे सूत्र तेव्हापासूनचं आहे.

मग सरळ बेसचंच पेडल का घेऊ नये? आक्षेप रास्त आहे. बॉसच्या ओडीबी-३ सारख्या पेडलवर मूळ आणि फाटका आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळायची कळ असते. जोरकस विकृती हवी असेल तर तिला पर्याय नाही. आवाज दाबला जाऊन बोटांचे लहानमोठे आघात सपाट होतात, हा आक्षेपही ड्राइव्ह वाढला की खरा ठरतो. सोल्डरिंग येत असेल, तर स्वस्त पेडलमधला तो ०.०४७चा कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा केल्यावर ७२० हर्ट्झची सीमा सुमारे ३४० हर्ट्झवर उतरते, ०.२२चा केल्यावर १५४वर. पण त्यामुळे खर्जही जास्त कापला जातो, तेव्हा हा उपाय जपूनच करावा. हलकी धार हवी असेल तोवर स्वस्त पेडल पुरेसं आहे. ड्राइव्ह वाढवताना जाड तारेचा ठोका ज्या क्षणी मऊ पडेल, तिथे त्याची हद्द संपते. मिसळणाऱ्या पेडलवर पैसे खर्च करायचे, ते ही हद्द आपल्या कानांनी ओळखल्यानंतर.