बटणाच्या पोटात काय असतं?

पडद्यावरचं बटण दाबलं की काम होतं, हे आपल्या अंगवळणी पडलंय. पण त्या बटणाच्या आत डोकावता आलं तर? आतला मजकूर वाचून, पटला नाही तर तिथल्या तिथे बदलता आला तर? 1987 मध्ये हे खरोखर घडलं होतं!

त्या वर्षी ॲपल कंपनीच्या बिल ॲटकिन्सननं 'हायपरकार्ड' आणलं. नव्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर ते फुकट मिळायचं. पडद्यावर एक कार्ड दिसायचं आणि अशा कार्डांची चळत म्हणजे 'स्टॅक'. कार्डावर चित्र काढायचं, मजकुराची चौकट आखायची, हवं तिथे बटण ठेवायचं.

खरी गंमत पुढे आहे. बटणाची स्क्रिप्ट, म्हणजे त्याला दिलेल्या सूचना, उघडली की आत बहुधा तीनच ओळी असायच्या: 'ऑन माउसअप', 'गो टू नेक्स्ट कार्ड', 'एन्ड माउसअप'. माउसवरचं बोट उचललं की पुढच्या कार्डावर जा, बस्स! 'नेक्स्ट' खोडून 'प्रीव्हियस' लिहिलं की तेच बटण मागे नेऊ लागायचं. डॅन विंकलरनं घडवलेली ही 'हायपरटॉक' भाषा बोलण्यातल्या इंग्रजीच्या इतकी जवळची होती.

आणि बटणाला स्वतःची स्क्रिप्टच नसेल तर? क्लिकचा निरोप कार्डाकडे जाई, तिथून अनेक कार्डांच्या सामायिक पार्श्वभूमीकडे, मग स्टॅककडे. त्यामुळे सगळ्या कार्डांना लागू पडणारा नियम स्टॅकमध्ये एकदाच लिहिला की भागायचं.

त्यात वापराचे पाच टप्पे होते: नुसतं पाहणं, मजकूर भरणं, चित्र काढणं, बटणं मांडणं आणि शेवटी स्क्रिप्ट लिहिणं. वापरणारा आणि घडवणारा एकाच जिन्यावर उभे. फरक फक्त पायरीचा! या जिन्यावरून माणसं कुठवर गेली पाहा. रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी 1993 मध्ये 'मिस्ट' हा गाजलेला गेम हायपरकार्डवरच उभारला. प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅमला विकीची, म्हणजे वाचणाऱ्यालाच बदलता येणाऱ्या वेबपानांची, कल्पना सुचली, तिचं मूळही त्याच्या एका हायपरकार्ड स्टॅकमध्ये होतं.

2004 मध्ये हायपरकार्डची विक्री थांबली. पण एक्सेलच्या खान्यात सूत्र लिहिणारे आणि 'स्क्रॅच' या प्रोग्रामिंग भाषेत रंगीत ठोकळे जोडणारी मुलं वापरता वापरता घडवण्याची तीच वाट आजही चालतात. आपल्या फोनमधल्या बहुतेक ॲप्सची बटणं मात्र बंद आहेत. ती उघडी ठेवता येतात आणि उघडी ठेवली की सामान्य माणूस काय काय घडवतो, हे हायपरकार्डनं दाखवून दिलंय. आपण तो उघडेपणा हक्कानं मागायला हवा.