चाकरमान्यांचा जिल्हा

मुलूख सोडावयास लावणारी कारणे एक आणि परक्या ठिकाणी ओढून नेणारी दुसरी, असे जे द्विविध विवेचन भूगोलशास्त्र स्थलांतराविषयी करते, त्याचा प्रत्यय रत्नागिरी जिल्ह्याइतका क्वचितच अन्यत्र येतो. कातळाची जमीन व खोताचा वसूल एकीकडे, आणि १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापिलेल्या गिरणीपासून वाढत गेलेली मुंबईची मजुरी दुसरीकडे, अशा दुहेरी योगाने कोकणातला कुणबी चाकरमानी झाला. परंतु घर, शेत व वृद्ध मातापिता स्त्रीच्या हवाली करूनच. म्हणूनच २०११ च्या खानेसुमारीत, राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना, या जिल्ह्यात त्या ११२२ भरल्या. अन्यत्र असे प्रमाण स्त्रियांच्या सुस्थितीचे द्योतक ठरले असते. येथे मात्र ते मुख्यतः पुरुषांच्या अनुपस्थितीचे, मनीऑर्डरीची वाट पाहत एकटीने लावलेल्या भाताचे गणित आहे.