अमेरिकेतील ध्वनिशामकाची पहिली खरेदी : कर गेला, नोंदणी उरली

बंदुकीच्या नळीच्या टोकास बसविल्या जाणाऱ्या ध्वनिशामकास, म्हणजेच सप्रेसरला, अमेरिकेच्या कायद्यात ‘सायलेन्सर’ असे संबोधले आहे. मॅक्सिम मशीनगनच्या जनकाचे पुत्र हिराम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. हे नाव मात्र फसवे आहे. रायफलीचा आवाज साधारणतः १६० डेसिबलच्या घरात असतो व हे उपकरण त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करते. डेसिबल ही लॉगरिदमिक श्रेणी असल्याने ३० डेसिबलची घट म्हणजे ध्वनितीव्रता हजारपटीने उतरणे होय. तरीही उरणारा आवाज चित्रपटातील ‘फुस्स’ असा नसतो. शिवाय ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका कोणतेही उपकरण थांबवू शकत नाही. श्रवणशक्तीचे रक्षण हाच त्याचा खरा उपयोग आहे.

१९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने या उपकरणाच्या प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसविला. आजच्या मूल्याने ही रक्कम ४,००० डॉलरहून अधिक भरते. तिचा हेतू महसूल नसून परावृत्त करणे हाच होता, हे उघड आहे. २०२५ च्या कायद्यान्वये १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्य झाला. परंतु नोंदणी कायम राहिली. ग्राहकास आजही परवानाधारक विक्रेत्यामार्फत फॉर्म ४ भरावा लागतो, बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावे लागते आणि संघराज्य शासनाची मंजुरी येईपर्यंत, पैसे चुकते करूनही, वस्तू विक्रेत्याकडेच ठेवावी लागते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आदी आठ राज्यांत तर सर्वसामान्य नागरिकास ती बाळगताच येत नाही.

नवख्या ग्राहकाच्या दृष्टीने याचा परिणाम असा, की निवड चुकली तर ती सहजासहजी सुधारता येत नाही. संघराज्य कायद्यानुसार सायलेन्सर हे स्वतःच ‘फायरआर्म’ ठरते. त्यामुळे ते दुसऱ्यास विकायचे तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा मंजुरी. (भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही आवाज कमी करणारी उपसाधने अग्निशस्त्राच्या व्याख्येतच येतात.) म्हणून कॅलिबरचा विचार आधी करावा लागतो. .३० कॅलिबरचे उपकरण योग्य जोडणीने लहान कॅलिबरच्या रायफलीवर चालते. याउलट केल्यास ते फुटण्याचा धोका असतो. नळीवरील आटे जुळणेही आवश्यक आहे. अनेक जण .२२ रिमफायरपासून आरंभ करतात. या गोळ्यांचे शिसे आत साचत असल्याने उघडून साफ करता येणारी रचना तेथे सोयीची ठरते. वैयक्तिक नावावरील उपकरण मालकाच्या अनुपस्थितीत पत्नीच्या ताब्यात असणेही कायद्याचा भंग ठरू शकते. यामुळे कित्येक जण न्यासाच्या नावे नोंदणी करतात.

घटनात्मक प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९३७ च्या सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा काँग्रेसच्या करविषयक अधिकाराच्या आधारे वैध ठरविला होता. करच शून्य झाल्यावर त्याच्या वसुलीसाठी असलेली नोंदणी कशावर उभी राहते, असा युक्तिवाद करणारे खटले २०२५ मध्ये दाखल झाले. नोंदणीविना उपकरण बाळगल्यास १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद मात्र शून्य करामुळे रद्द झालेली नाही.