खाटेखालच्या डब्यात काय टिकते?

वृद्धाश्रमात आपल्या माणसाला भेटायला जाणारे सहसा रिकाम्या हाताने जात नाहीत. गंगाखेडकडच्या पिशवीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वाटेत घेतलेले पेढे असतात. थोडे लगेच खाल्ले जाते. उरलेले उशाशी किंवा खाटेखालच्या डब्यात जाते. अडचण तिथे सुरू होते.

पदार्थ किती टिकेल हे बरेचसे त्यातल्या ओलाव्यावर ठरते. चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात बरेच दिवस राहतात. दहीभात, खीर, पातळ भाजी यांचे तसे नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात आणि परभणी जिल्ह्यातला उन्हाळा तर चाळिशी ओलांडतो. तेव्हा असे पदार्थ तासाभरात संपवावेत, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावेत. परत उकळले की झाले, हा समज चुकीचा आहे. शिळ्या भातातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे उलटी घडवणारे विष एकदा तयार झाले की उकळूनही जात नाही. पेढ्यांचे काय? १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईजवळ ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणे दुकानदाराला बंधनकारक करण्यात आले होते. अशी तारीख लावलेली असेल तर तीच डब्यावर लिहून घ्यावी.

उतारवयात वास आणि चव मंदावते, त्यामुळे आंबलेले किंवा खवट झालेले लक्षात येत नाही. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी जठरातले आम्ल कमी झालेले असते. जंतूंना अडवणारी एक भिंतच खचते. शेंगदाण्याला बुरशी दिसली तर ती पुसून खाऊ नये. तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पूर्ण जात नाही.

फ्रीज म्हणजे तिजोरी नव्हे. लिस्टेरिया हा जिवाणू थंडीतही हळूहळू वाढतो. शिजवलेले अन्न दोन-तीन दिवसांत संपवावे. वीज बराच वेळ गेली असेल तर त्याआधीच टाकावे.

म्हणून घरचे खाणे बंद करणे हा उपाय नाही. जेवणावरची वासना उडालेली माणसे घरच्या चटणीसोबत अर्धी भाकरी जास्त खातात. फक्त आणणाऱ्याने थोडेच आणावे, डब्यावर नाव व तारीख लिहावी आणि सेविकेला दाखवावे. शेजारच्या खाटेवर मधुमेही किंवा घास अडकणारे कोणी असू शकते, आणि आजी एकट्या लाडू खात नाहीत. आठवड्यातून एकदा डबे तपासावेत, पण आजींच्या समोर, त्यांना विचारून.