गाडीतला कारभारी बिघडला तर?

मैत्रिणींनो, मिक्सर चालेनासा झाला तर आपण काय करतो? प्लग नीट बसलाय का ते पाहतो, दुसऱ्या पॉइंटला लावून बघतो, आणि तरीही भांडं फिरेना तेव्हाच तो दुरुस्तीला टाकतो. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र ही आपली व्यवहारबुद्धी कुठं जाते कोण जाणे! गॅरेजवाला म्हणतो, "वहिनी, बीसीएम गेला," आणि आपण मुकाट्यानं पर्स उघडतो. आम्हांला त्याचा अंदाज अठरा हजारांचा मिळाला होता. अठरा हजार म्हणजे माझ्यासारख्या अर्धवेळ शिक्षिकेला काय वाटतात, ते तुम्हांला सांगायला नकोच.

तर हा बीसीएम, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे काय ते आधी पाहू. पूर्वीच्या फियाट-अॅम्बॅसडरमध्ये बटण दाबलं, की त्याच्या तारेतून आणि फार तर एखाद्या रिलेतून वीज थेट दिव्याला जायची. आताच्या गाडीत बटण फक्त निरोप देतं. तो निरोप एका चपट्या डब्याकडे जातो आणि दिवा लावायचा की नाही, ते तो डबा ठरवतो. दिवे, वायपर, हॉर्न, दारांची कुलुपं, वरखाली होणाऱ्या काचा, आतला दिवा, चोराला गाडी सुरू करू न देणारी किल्लीची खूण, यांतलं बरंचसं तोच सांभाळतो. वाड्यातला कारभारीच म्हणा ना. (आमच्याकडे खेड्यांतून 'कारभारी' कुणाला म्हणतात ते तुम्हांला ठाऊक आहेच, पण तो कारभारी बदलून मिळत नाही!)

हा डबा बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डाखाली, स्टिअरिंगच्या बाजूला किंवा सामानाच्या कप्प्यामागं असतो. बिघडला की एकाच वेळी अनेक गोष्टी चमत्कारिक वागतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकतो, बंद केलेला वायपर स्वतःहून फिरतो, दारं आपोआप कुलूपबंद होतात, रात्रीतून बॅटरी उतरते. यात गंमत काही नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही सांगलीला निघालो असता उंब्रजच्या पुढं, ऐन मुसळधार पावसात, आमचे वायपर काचेच्या मध्यावर थांबले. मागं दोन मुलं झोपलेली, शेजारून मालट्रक पाणी उडवत चाललेले. यांनी काचेतून डोकं बाहेर काढून गाडी कशीबशी कडेला घेतली. तेव्हापासून मी हा विषय पुरुषांवर सोपवणं बंद केलं.

आमच्या गाडीत डबा खरोखरच गेला होता. पण का गेला? साताऱ्यात आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. गुलमोहराची पानं किती बारीक ते तुम्ही पाहिलंच असेल. ती पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत शिरतात आणि पाणी वाहून जायच्या भोकांत चिखलासारखी साचतात. मग पावसाचं पाणी वाट सापडेल तिथून आत येतं आणि थेंबथेंब डब्यावर पडतं. प्लग काढून पाहिला, तर पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी यावी तसं किटण चढलेलं. साफ करून, वाळवून आठ दिवस चाललं आणि पुन्हा तेच. मेकॅनिक लगेच नवा डबा मागवायला निघाला. म्हटलं, थांबा, आधी पाणी बंद करा! गळक्या कौलांखाली नवी गादी घालण्यातलाच तो प्रकार. भोकं मोकळी केली, जाळीवर बादलीभर पाणी ओतून पाहिलं, आतला गालिचा कोरडा राहिला, तेव्हाच नव्या डब्याचे पैसे मोजले.

आता सांगलीच्या वन्संची गोष्ट ऐका, म्हणजे दुसरी बाजू कळेल. सांगलीकरांना पुराचं वेगळं काय सांगायचं! आयर्विन पुलापाशी 45 फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं आणि 2021च्या जुलैत पुन्हा शहरात शिरलं. त्या दुसऱ्या पुरात वन्संची गाडी गल्लीत उभी होती. पाणी पाय ठेवायच्या जागेपर्यंतच आलं, म्हणून त्यांनी उन्हात दारं उघडी टाकून गाडी वाळवली. दोन वर्षांनी ती रात्री-अपरात्री हॉर्न वाजवू लागली, शेजाऱ्यांशी बोलायची सोय राहिली नाही. त्यांनाही एकानं तेच सांगितलं, बीसीएम गेला. पण वन्सं मूळच्या चिकट. (प्रेमानं म्हणते आहे.) त्यांनी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. त्यानं डब्याला हातसुद्धा लावला नाही. गालिचा उचलला आणि खालचा गंजलेला बोल्ट दाखवला. ती अर्थिंगची जागा. गाडीत विजेला परत जायची वाट पत्र्यातूनच असते. ती वाट गंजानं अडली, की वीज भलत्याच तारेतून वाट काढते आणि निरोपांचा गोंधळ होतो. पॉलिश पेपरनं घासून, घट्ट पिळून, वर ग्रीस लावून चारशे रुपयांत काम झालं. हॉर्न आजतागायत गप्प आहे.

म्हणून डब्याचं नाव निघालं, की आधी बॅटरी मोजून घ्यायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत ती साधारण 12.6 व्होल्ट हवी. 12.2च्याही खाली असेल तर ती अर्धी रिकामी झाली असं समजा. इंजीन चालू असताना 13.5 ते 14.5च्या आसपास दिसायला हवं. कमजोर बॅटरीवर हा कारभारी तापात बरळल्यासारखं वागतो. मग फ्यूज पाहावेत. उडालेला फ्यूज तितक्याच अँपिअरचा घालावा, तिथं तार किंवा चांदी गुंडाळणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नये. आणि बाहेरून काय काय बसवलंय तेही आठवा. मोठा हॉर्न, रंगीत दिवे, स्वस्तातलं रिमोट लॉक. मूळ तार सोलून त्यात दुसरी गुंडाळली, की तिथूनच दुखणं सुरू होतं. 60/55 वॅटच्या जागी 100 वॅटचे बल्ब घातले, तर त्यांचा भारही शेवटी तारांवर आणि डब्यावरच येतो.

एवढं होऊनही डबा बदलावा लागला, तर नुसता प्लग काढून प्लग लावून भागत नाही. आधी बॅटरीची ऋण तार सोडवतात आणि काही मिनिटं थांबतात. आसपास पिवळ्या वेष्टनातल्या तारा दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात, त्यांच्याशी खेळ नको. म्हणून हे काम घरी करायचं नाही. नवा डबा म्हणजे नवी सूनच! आपल्या गाडीला मागचा वायपर आहे की नाही, फॉग दिवे आहेत की नाही, हे तिला ठाऊक नसतं. स्कॅनर जोडून, चॅसिस नंबर घालून ते सगळं तिला सांगावं लागतं. पुष्कळ गाड्यांत किल्ल्यांचीही ओळख करून द्यावी लागते. आम्हांला गॅरेजमधून फोन आला, "दुसरी किल्ली आणा." ती यांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये! तेव्हा गाडी टाकायला जातानाच घरातल्या सगळ्या किल्ल्या बरोबर न्या.

भंगारातला डबा निम्म्या किमतीत मिळतो, असं कुणीतरी सांगणारच. तो दुसऱ्या घरचे कुळाचार घेऊन आलेला असतो. काही गाड्यांत ते पुसता येतात, काहींत येत नाहीत. शिवाय तो पुरातल्या गाडीतला आहे की चोरीच्या, हे कोण सांगणार? पावती नसेल तर मी तरी घेणार नाही.

पैसे देण्याआधी आणखी एक काम. गाडी वॉरंटीत असेल तर ती पाहा, आणि कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर घालून आपली गाडी परत बोलावली आहे का, तेही पाहा. 2023च्या जानेवारीत मारुती सुझुकीनं 17,362 गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी परत बोलावल्या होत्या. गरज असेल तिथं तो फुकट बदलून मिळणार होता. हा डबा वेगळा, पण रीत तीच. पुराचं नुकसान असेल तर विमा नुसता थर्ड पार्टी चालत नाही, स्वतःच्या गाडीचा हवा. आणि पाण्यातून निघालेली गाडी सुरू करून बघायचा मोह आवरून आधी विमा कंपनीला फोन करायचा.

गाडी ताब्यात घेताना लाजू नका. चारही दारं, चारही काचा, दोन्ही किल्ल्यांची रिमोट, वायपरचे सगळे वेग, हॉर्न, इंडिकेटर, हेडलाइटचे दोन्ही प्रकार तिथंच उभं राहून चालवून पाहा. मागचे दिवे बघायला मुलाला उभं करा. जुना डबा मागून घ्या आणि बिलावर नव्याचा नंबर लिहून घ्या. मग गाडी कुलूप लावून रात्रभर उभी करा आणि सकाळी पुन्हा बॅटरी मोजून घ्या. आमची 12.6 दाखवत होती. त्याच दुपारी आम्ही पेठ नाक्यावरून आष्ट्याच्या रस्त्यानं सांगलीला निघालो, पाऊस होताच.